रूथमावशीचं भांडण

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मुरबाडच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब मेजावरची भाकर मोडतात, प्याला उचलतात, आणि मंडळी एकेका बाकावरून उठून अनवाणी पुढे येते, कठड्याशी गुडघे टेकते. मी पेटी वाजवत असतो, अगदी हळू. चर्चमध्ये इतकी शांतता असते की कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी चार बाकांवर कळावं. नेमक्या त्या शांततेत शेवटच्या बाकावरून, बाजारात भाव सांगावा अशा आवाजात, एक बाई म्हणायची, "तुमी उरका. मी नाय येत. माझं भांडण चालू हाय."

ही रूथमावशी.

एकदा कल्याणहून पाहुणे पाळक आले होते. त्यांना कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं. ते वाक्य ऐकून त्यांच्या हातातला प्याला हिंदकळला आणि पांढऱ्या झग्यावर जो डाग पडला तो म्हणे शेवटपर्यंत गेला नाही. आम्हाला मात्र सवय होती. प्रभुभोजन चुकवणारी माणसं आमच्यातही आहेत, पण ती बापडी त्या रविवारी घरी बसतात, किंवा डोकं दुखतं म्हणून मधेच उठून जातात. मावशी पहिल्या गीताच्या आधी यायची, शेवटच्या आमेनपर्यंत बसायची, आणि तेवढ्या एका वेळी हातांची घडी घालून बाकाला चिकटून राहायची. कुणी कारण विचारलं तर उत्तर तयार असायचं.

"शास्त्रात काय सांगितलंय? कोनाशी वाकडं असंल तर आधी जा, मिटवा, मंग इथं या. माझं मिटलं नाय. मंग काय देवाला चुना लावू?"

मावशी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत आणि दोन घरांचा मिळून एकच वास, सुक्या मासळीचा. नवरा शाळेत शिपाई होता, तो लवकर गेला, आणि मावशीने बोंबील, सुकट, वाकट्या यांच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या. धसईचा बाजार, टोकावड्याचा बाजार, आणि पावसाळ्याआधी लोक बेगमी करायला लागले की घरच्या ओसरीवरच गर्दी. माझ्या बायकोने लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या. तिसऱ्या वर्षी तीच खिडकीतून ताट पुढे करू लागली.

चर्चमध्ये मात्र मावशी ज्या बाकावर बसे तो बाक तिचा एकटीचा. इस्त्रीच्या साड्या आणि अत्तराचे रुमाल आपोआप पुढच्या बाकांवर सरकत. मावशीला त्याचं काही नव्हतं. ती पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "बरंय. हवा येते."

धंद्याची तिची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. बाजारात सगळेच ढिगाच्या वर चांगला माल लावतात, खाली चुरा आणि रेती. मावशी गिऱ्हाइकाचा हात धरायची आणि कोपरापर्यंत टोपलीत खुपसायची. "वरचं काय बगतेस गो? वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं. हात आत घाल." आणि वर स्वतःच सांगून मोकळी, "ह्या सुकटीत रेती हाय. दोनदा धू, नायतर दात जातील."

माणसांच्या बाबतीतही तिची हीच पद्धत होती आणि त्यामुळे तिचं कुणाशी फारसं जमायचं नाही. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी जयवंतराव यांच्याशी तर मुळीच नाही. जयवंतराव म्हणजे पांढरा सफारी, खिशाला पेन आणि प्रार्थनेला उभे राहिले की कंप पावणारा आवाज. एरवी दुकानात नोकरावर ओरडताना हा आवाज जराही कापत नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरप्रार्थनेत ते सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करत आणि जलप्रलयामार्गे मुरबाडला पोचेपर्यंत पोह्यांचा दगड होई. एकदा आमच्याच घरी ते "हे सर्वसमर्था, हे सर्वज्ञा, हे सर्वव्यापी, हे दयासागरा," असे चढत गेले, तेव्हा मावशी डोळे न उघडता म्हणाली, "जयवंता, देवाला त्याचं नाव ठाव हाय. पुढं बोल."

जयवंतराव विसरले नाहीत. असली माणसं विसरत नाहीत.

मावशीची स्वतःची प्रार्थना माझ्या मुलांनाही पाठ होती. "देवा, काल सांभाळलंस. आज पन बग. आमेन."

आता ते भांडण. ते होतं सख्ख्या धाकट्या बहिणीशी. बहीण मार्था किन्हवलीला, नवरा निवृत्त हेडमास्तर, दुमजली स्लॅबचं घर. दोघींची आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती, आणि होती ती मुरबाडला, मावशीच्या एका खोलीत. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आहे. सकाळी तिला पुसून काढणं, पेज भरवणं, रात्री कूस बदलणं, आणि बाजाराहून थकून आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मार्था नाताळाला केकचा डबा घेऊन यायची आणि नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातून आईची खुशाली विचारायची. घाई असायची. परतीची एसटी.

आई गेली. वर्षाच्या स्मरणाची प्रार्थना मार्थाने किन्हवलीला ठेवली, कारण मुरबाडच्या खोलीत माणसं मावणार कुठे? मंडप घातला, कर्णे लावले, म्हातारीचा रंगीत फोटो एवढा मोठा की जिवंतपणी तिला एवढी जागा कधी मिळाली नव्हती. जिलबी होती. मावशी सकाळच्या बाजारातून तशीच आली म्हणून तिला मंडपाच्या कडेला, चुलाणापाशी बसवलं. मग मार्था रेशमी पांढऱ्या साडीत माईकसमोर आली आणि साक्ष देऊ लागली. "ह्या हातांनी मी माझ्या आईला भरवलं. ह्या हातांनी मी तिला धुतलं."

चुलाणापासून आवाज आला, "खोटं!"

मी तिथे होतो, पेटीवर. दोनशे माणसांनी माना वळवल्या. मावशी उभी होती. पुन्हा म्हणाली, "खोटं बोलते ती." आणि काय व्हावं? दोन बायका धावल्या, "दुःखानं भान गेलं बिचारीचं" म्हणत तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि ग्लासभर पाणी पाजलं. मार्था हुंदके देत राहिली. सगळा मंडप तिच्याबरोबर रडला. मला आजही त्या पाण्याच्या ग्लासाची चीड येते. खोटं बोलणारीला रुमाल आणि खरं बोलणारीला वेडी ठरवून पाणी!

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आणि मावशीचं प्रभुभोजन बंद.

इथे मला जरा आमच्या कठड्याविषयी बोलू द्या, कारण माझं डोकं खरं फिरतं ते तिथे. पेटी कठड्याच्या शेजारीच असते, त्यामुळे मला सगळं दिसतं. जयवंतराव आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ यांचा घराच्या भिंतीवरून कल्याणच्या कोर्टात दावा चालू होता. दोघे एकमेकांचं तोंड बघत नसत. पण पहिल्या रविवारी दोघे शेजारी शेजारी, कोपराला कोपर लावून गुडघे टेकत, कारण पहिली रांग मानाची आणि ती कुणालाच सोडायची नव्हती. प्याला आधी धाकट्याकडे जाई. मग जयवंतराव खिशातून रुमाल काढून, डोळे मिटलेले ठेवूनच, प्याल्याची ती कड पुसून घेत आणि मग पीत. सुनेला महिनाभर माहेरी धाडून बसलेली सासू त्याच रांगेत, आणि आईबापांना न विचारणारा मुलगाही त्याच रांगेत. सगळ्यांचे चेहरे असे, जणू आत्ताच स्वर्गातून आंघोळ करून आलेत. आणि पापी कोण? तर मागे बसलेली रूथमावशी! "एवढी वर्षं भोजन घेत नाही, काहीतरी मोठं पाप असणार," असं याच बायका चपला घालताना एकमेकींच्या कानात सांगायच्या.

मलाही पूर्वी वाटायचं, बाई हट्टी आहे. राग धरून बसलीय. मग एका शनिवारी मी मित्राकडून तांदूळ आणायला किन्हवलीला गेलो, तर स्टँडवरच्या बाकड्यावर मावशी. मांडीवर कागदात बांधलेलं पुडकं.

"मावशी, तुम्ही इथे?"

"तू कशाला आलास रे पेटीवाल्या?" तिला चोरी पकडल्यासारखं झालं.

पुडक्यात बोंबील होते, निवडून काढलेले, लांब, पांढरे. लहानपणी मार्था दुसऱ्या कशाबरोबर भाकर खात नसे म्हणे. दर महिन्याच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मावशी किन्हवलीची एसटी धरत होती. बाजार बुडवून.

"मग गेलात का घरी?"

"दारापर्यंत जाते. फाटकाशी उभी ऱ्हाते. आत जाऊन 'माफ केलं' म्हनायला काय लागतं? जीभ हाय, वळते. पन फाटकाशी उभी राहून मी माझ्या पोटात बगते. राग तिथंच असतो. मंग फिरते."

"आणि हे बोंबील?"

"टपरीवाल्याला देते." आणि वर म्हणाली, "त्याची बायको लई खूश हाय आमच्या भांडणावर."

मी हसलो, पण तांदळाचं पोतं उचलताना माझं मन काही हसत नव्हतं. कठड्याशी गुडघे टेकणाऱ्या त्या सगळ्या गर्दीत एक तरी माणूस आदल्या दिवशी एसटीने कुणाच्या फाटकापर्यंत गेलं होतं का?

त्यानंतर जयवंतरावांना समेटाची कल्पना सुचली. मंडळीचा वार्षिक सण होता, बाहेरून मोठे पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांसमोर शेवटच्या बाकावरून ते वाक्य यायला नको होतं. त्यांनी मावशीला पत्ता लागू न देता किन्हवलीला जीप पाठवली, मार्थाला आणलं, दोन हार आणले, फोटोग्राफर उभा केला आणि भोजनाच्या आधी कापऱ्या आवाजात जाहीर केलं, "आज आपल्या डोळ्यांसमोर दोन भगिनींचा समेट होणार आहे!" टाळ्या पडल्या. मावशीला दोघांनी बाकावरून उठवून पुढे आणलं. मला खूण झाली, गोड काहीतरी वाजवा. मी वाजवू लागलो. मार्था हातात हार घेऊन उभी. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा जवळ घ्या एकमेकींना. इकडे बघा."

"पेटीवाल्या, थांबव ते," मावशी म्हणाली. मी थांबवलं. मग बहिणीकडे वळून, पहिल्यांदाच जरा हळू, म्हणाली, "मार्थे, तू मिटवायला आलीस का फोटो काढायला?"

मार्थाने हातातला हार खाली केला.

"मला पन खोटं सांगता येतं गो. पन ह्या मेजासमोर नाय सांगनार. माझं अजून मिटलं नाय." आणि ती चालत आपल्या बाकावर जाऊन बसली. पाहुणे खोकले. दुसरा हार जयवंतरावांच्या हातातच राहिला, तो त्यांनी शेवटी पाहुण्यांच्याच गळ्यात घातला, दुसऱ्यांदा.

पुढच्याच रविवारी कमिटीचा निर्णय वाचून दाखवला गेला. रूथबाईंनी मंडळीचा आणि पाहुण्यांचा अपमान केला आहे, सबब सभासदांतून त्यांचं नाव कमी करण्यात येत आहे, कमिटीची माफी मागेपर्यंत. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "खोटं बोलली नाही म्हणून नाव काढता?" जयवंतराव म्हणाले, "आपण पेटी वाजवा." पाळकसाहेब तरुण होते, नवे होते, त्यांची बदली कमिटीच्या हातात होती. ते खाली बघत राहिले.

मावशी पुढच्या रविवारीही हजर. "नाव काढलं, बाक नाय काढला ना?"

पण त्या फजितीने एक काम केलं. पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, मार्था एकटी एसटीने आली. साधी सुती साडी, छत्री, घामाने डबडबलेली. मावशी अंगणात सुकट पसरत होती. मी खिडकीत होतो, आणि खरं सांगतो, खिडकीतून हललो नाही. आधी तासभर दोघी भांडल्या. अशा भांडल्या की समोरचा दुकानदार दुकान टाकून बघायला आला. आणि मग मार्था मटकन ओसरीवर बसली.

"बाय, मला आयेला तसं बगवत नव्हतं. वास यायचा, मला मळमळायचं, नि मंग माझीच मला लाज वाटायची. म्हनून मी पळायची. मंडपात माईक हातात आला, नि जे करायला पायजे होतं तेच केलं म्हनून तोंडातून गेलं."

मावशीचे हात सुकटीत तसेच राहिले. "मंग हे त्या दिवशी माईकवर का नाय बोललीस?"

"माईकवर असलं बोलतात काय, बाय?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मार्थाही हसली, मग रडली, नाक पदराला पुसलं. ह्या खेपेला रुमाल नव्हता. मावशी म्हणाली, "चल, हात धू. बोंबील भाजते." मार्था चार दिवस राहिली, त्याच खोलीत, त्याच वासात.

चौथा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता.

दोघी बरोबर आल्या. मावशीने साडी नवी नेसली नव्हती, पण केस तेल लावून घट्ट बांधले होते. भोजनाची वेळ झाली. मी वाजवायला सुरुवात केली आणि सवयीने त्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. मावशी उठली. बहिणीचा हात धरून मधल्या वाटेने पुढे आली, कठड्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून.

पाळकसाहेब भाकर घेऊन तिच्यापर्यंत आले. जयवंतराव शेजारीच गुडघ्यांवर होते. ते उठले, वाकून पाळकसाहेबांच्या कानात बोलले, आणि मग मावशीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं हळू, म्हणाले, "तुमचं नाव कमी केलंय. आधी कमिटीची माफी, मग भोजन."

मला वाटलं आता कौलं उडणार. मला तर तशी ती उडायलाच हवी होती. पेटी उचलून त्या पांढऱ्या सफारीवर घालावी असं मनात आलं. दहा-बारा वर्षं ही बाई स्वतःहून मागे बसली तेव्हा हे तिला पापी म्हणत होते. आज ती आतून बाहेरून स्वच्छ होऊन आली, तर हा भिंतीसाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारा माणूस तिला मेजावरून उठवतो! आणि ज्याच्या हातात भाकर होती तो पाळक भाकर हातात घेऊन नुसता उभा!

मावशीने ओंजळीकडे पाहिलं. मग हात खाली घेतले, कठड्याला धरून उठली आणि "बरं" म्हणाली. एवढंच. दोघी मागे जाऊन बसल्या. पाळकसाहेबांनी ती भाकर पुढच्या माणसाला दिली.

उपासना सुटल्यावर मी पेटी तशीच उघडी टाकून बाहेर धावलो. मावशी चिंचेखाली उभी होती, मार्था तिच्या डोक्यावर छत्री धरून. माझा आवाज रागाने चिरकत होता. "मावशी, तुम्ही गप्प कशा बसलात? एरवी त्या जयवंताला सोडत नाही तुम्ही! चार शब्द तरी सुनावायचे होते!"

"सुनावनार होते रे. तोंडाशी आलेलं." ती चर्चच्या दाराकडे बघत होती. आत कुणीतरी मेज आवरत होतं. "मंग म्हटलं, इतक्या वर्सांनी पोट रिकामं केलंय, त्यात पुन्ना त्याला कशाला भरू?"

मार्थाने तिचा दंड धरला. मावशी अजून दाराकडेच बघत होती, आणि मग माझ्याशी नव्हे, बहिणीशीही नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला वाटायचं, मी रागानं बसते मागं. आज हात पुढं केला तवा कळलं गो. भूक लागलीवती मला."

आणि बाजारभर जिचा आवाज ऐकू जायचा ती रूथमावशी तोंडात पदर धरून, आवाज न करता रडली.